नावाची हद्द

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली अशी स्टेशने ओळीने येतात. 'पूर्व' हा शब्द आपण पुष्कळ ठिकाणी वापरतो. पण ठाण्याला पूर्वेस कोपरी, डोंबिवलीला फडके रोड, तर कल्याणला कोळसेवाडी. शब्द एकच; अर्थ गाडी कोठे उभी आहे त्यावर ठरतो. माणसे ही हद्द मनात धरूनच बोलतात. संगणकाला मात्र ती नेमकी सांगावी लागते, आणि त्याविषयीच आज आम्हांला बोलावयाचे आहे.

स्वतःची टिपणे ठेवण्यासाठी जेरेमी रस्टन या इंग्रज गृहस्थांनी २००४ साली 'टिडलीविकी' तयार केली. ही सारी वही एकाच फाइलीत मावते. तिच्यातील प्रत्येक टिपणाला 'टिडलर' म्हणतात. पुष्कळ टिपणे ओळीने दाखवावयाची तर 'लिस्ट' नावाची सोय आहे. ती यादीतले एकेक टिपण हाती घेते आणि त्या फेरीपुरते त्याला 'करंटटिडलर', म्हणजे 'चालू टिपण', हे नाव देते. पुढच्या फेरीत तेच नाव पुढच्या टिपणाला मिळते. अशा नावाला चल म्हणावयाचे, आणि ते जेथवर चालते तेवढी त्याची व्याप्ती.

कल्याणात १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तेव्हा आपल्या गावांना शोभेल असे पुस्तकांचेच उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थांनी घरचा ग्रंथसंग्रह शेजाऱ्यांसाठी खुला केला आहे. बाहेरची यादी पुस्तकांची. प्रत्येक पुस्तकाखाली आतली यादी, ते पुस्तक मागणाऱ्या वाचकांची. पुस्तकाच्या टिपणात 'तारीख' आहे, ती पुस्तक परत येण्याची. वाचकाच्या टिपणातही 'तारीख' आहे, ती मागणी नोंदविल्याची. आता वाचकाच्या नावापुढे पुस्तक परत कधी येणार ते दाखवावे म्हणून आतल्या यादीत 'चालू टिपणाची तारीख' असे लिहिले, तर काय होईल? तेथे चालू टिपण पुस्तक राहिलेलेच नाही, ते वाचक झाले आहे! साहजिकच मागणीची तारीख उमटते. वाचकाच्या टिपणात तारीख नसती तर जागा रिकामी दिसली असती, आणि रिकामी जागा निदान डोळ्यांत भरते. चुकीची तारीख मात्र खरी भासते. यंत्र तक्रार करीत नाही. व्यर्थ हेलपाटा पडतो तो शेजाऱ्याला.

यावर उपाय सोपा आहे. बाहेरच्या यादीला आरंभीच आपले नाव द्यावे. लिस्टमध्ये 'व्हेरिएबल' या जागी 'पुस्तक' असे लिहिले, म्हणजे ती यादी प्रत्येक पुस्तकाला त्याच नावाने ओळखते, आणि आतली यादी सुरू झाली तरी ते नाव ढळत नाही. आतल्या यादीला तसेच 'वाचक' म्हणावे. मग 'पुस्तकाची तारीख' मागितली की पुस्तकाचीच मिळते.

दुसरा घोटाळा बेरजेचा. प्रत्येक फेरीत 'एकूण' या चलात एक मिळवीत गेलो, तर पाच फेऱ्यांनंतर पाच होतील असे पुष्कळांना वाटते. पण फेरीत दिलेली किंमत त्या फेरीबरोबरच संपते. पुढची फेरी पुन्हा मूळच्या शून्यापासून निघते, आणि पाचही वेळा उत्तर एकच येते. म्हणून मोजणी फेरीफेरीने करू नये. सबंध यादीलाच एकदा विचारावी. संख्येसाठी 'काउंट' आणि बेरजेसाठी 'सम' या क्रिया त्याकरिताच आहेत. आकडा पुढेही टिकावयास हवा असेल, तर तो चलात न ठेवता एखाद्या टिपणात लिहून ठेवावा.

तात्पर्य, आत शिरण्यापूर्वी बाहेरच्याला नाव द्यावे, आणि आतले नाव बाहेर येईल अशी आशा धरू नये. एवढे पाळले तर घरची यादी खरे बोलते, आणि तिच्या भरवशावर शेजाऱ्याला दिलेला शब्द खोटा पडत नाही.