टिकाऊ कोटाचा वारस कोण?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'टिकाऊ कपडे आणि प्रवासाच्या बॅगा' असे कळवले. त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, किमान वेतनावर बोलावे. कोटावर आणि पिशवीवर त्याने काय बोलायचे, अशी शंका त्यांना आली असल्यास ती रास्तच आहे. माझे शालेय शिक्षण नववीशी थांबले. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि शिवणकामगारांच्या शेजारी बसून. या दोन्ही शाळांत मला एकच गोष्ट पटली: कापडाच्या टिकाऊपणाचा प्रश्न हा मुळात मजुरीचा प्रश्न आहे. तेवढीच आज आपल्यापुढे मांडायची आहे.

अलीकडे मोठ्या दुकानांतून 'हेरिटेज' या नावाखाली एक प्रकारचा माल विकला जातो. मेण चोळलेल्या जाड सुती कापडाचे कोट, घट्ट विणीच्या लोकरीची जाकिटे, कॅनव्हासच्या चामडी पट्ट्यांच्या बॅगा. त्यांतल्या नामांकित कोटाची किंमत आपल्या पैशांत वीस हजारांच्या वर सहज जाते. हेरिटेज म्हणजे वारसा. आणि वारसा म्हटला की आम्हा युनियनवाल्यांना वारसदाखला आठवतो. मयत कोण, खरे वारस कोण, आणि इस्टेट भलत्याच्याच नावावर चढली आहे काय, हे आम्ही आधी तपासतो. या कोटाचीही तशी चौकशी करून पाहू.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साउथ शील्ड्स नावाचे बंदर आहे. स्कॉटलंडहून आलेल्या जॉन बार्बर यांनी तेथे १८९४ साली आपला धंदा सुरू केला. गिऱ्हाईक कोण, तर खलाशी, मच्छीमार आणि गोदीकामगार. उत्तर समुद्राच्या वाऱ्यापावसात ज्यांना दिवसभर उघड्यावर उभे राहायचे, अशी ही माणसे. मेणकापडाची युक्तीही मूळ खलाशांचीच. शिडाच्या कापडाला तेल चोळले की ते पाणी पिऊन जड होत नाही, हे त्यांनी ओळखले आणि जुन्या शिडाचे तुकडे पावसात अंगावर घेऊ लागले. पुढे जवसाचे तेल आले. त्याने कापड पिवळे पडे आणि थंडीत फळीसारखे ताठ होई. १९३०नंतरच्या काळात तेलाची जागा मेणाने घेतली. मेण धाग्याधाग्यांतल्या फटी बुजवते, पाणी वरच्या वर ओघळते आणि कापड मऊ राहते.

आता अमेरिकेतली हकीगत ऐका. नेव्हाडा प्रांतातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी होता. १८७०च्या अखेरीस एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याची विजार सारखी फाटते, जरा भक्कम शिवून द्या, एवढेच तिचे म्हणणे. घोड्यांच्या झुलींना पट्टे जोडण्याचे तांब्याचे रिव्हेट डेव्हिसपाशी पडलेले होते. जेथे ताण पडतो तेथे, खिशांच्या कोपऱ्यांना, त्याने ते ठोकून दिले. विजार टिकली, मागणी वाढली. पेटंटचा खर्च झेपेना म्हणून त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या कापडाच्या व्यापाऱ्याला, लेव्ही स्ट्रॉसला, पत्र लिहिले. आणि २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे पेटंट झाले. आज जगभर जीन्स म्हणून जी ओळखली जाते ती ही विजार. व्यापाऱ्याचे नाव त्या विजारीवर राहिले. शिंप्याचे किती जणांना ठाऊक आहे? आणि त्या बाईचे नाव तर त्या कथेत कुणी सांगतच नाही.

या गोष्टीत आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. राबणाऱ्यांच्या जाड सुती कपड्यांना इंग्रजीत डंगरी म्हणतात. आपला फिटरही 'डांगरी घातली' असेच म्हणतो. हा शब्द आपल्या डोंगरीचा. डोंगरीच्या आसपास विकले जाणारे भरड सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांना माहीत होते, आणि पुढे खलाशांच्या विजारी त्याच्या होऊ लागल्या. आपले नाव जगाच्या कामकरी पोशाखावर कोरले गेले, आणि आपल्याला त्याची फारशी खबरही नाही.

१८८९ साली डेट्रॉइटमध्ये हॅमिल्टन कारहार्ट यांनी रेल्वे कामगारांना विचारून त्यांच्यासाठी कामाचे कपडे काढले. १८९६ साली कॅनडाच्या क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि पुढच्याच वर्षी हजारो माणसे तिकडे धावली. तेव्हा सिॲटलमध्ये सी. सी. फिल्सन यांनी त्यांच्यासाठी लोकरीचे कपडे आणि कांबळी विकायला सुरुवात केली. वर्षभर पुरेल एवढी शिधासामग्री, सुमारे टनभर ओझे, बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस पुढे सोडत नसत. अशा प्रवासात बॅगेचा पट्टा तुटणे ही गंमत नव्हती. तेथील थंडीत उसवलेली शिवण जिवावर बेतली असती.

तेव्हा मंडळी, या सगळ्या मालाचे मूळ मालक हे असे: मच्छीमार, गोदीकामगार, लाकूडतोडे, रेल्वेवाले. वस्तू टिकली नाही तर त्यांची रोजी बुडत होती, म्हणून ती टिकाऊ झाली. पुढे काय झाले ते बार्बरच्या कोटाने पाहा. १९७४ साली ड्यूक ऑफ एडिंबरा यांचे, १९८२ साली राणीचे आणि १९८७ साली युवराजांचे राजमान्यतेचे पत्र त्या कंपनीला मिळाले. कोळ्याच्या अंगावरचा डगला जमीनदाराच्या शिकारीवर गेला आणि तेथून शहरातल्या शौकिनाच्या खुंटीवर आला. राजाने चांगला कोट घातला याबद्दल माझी तक्रार नाही. पाऊस राजालाही भिजवतो. माझा प्रश्न एवढाच, की ज्यांच्यासाठी तो शिवला त्यांच्या अंगावर आज काय आहे? पहाटे कचरा उचलणाऱ्या कामगाराच्या अंगावर पहिल्या पावसातच काखेत फाटणारा प्लास्टिकचा रेनकोट आहे. घरोघर माल पोचवणाऱ्या पोराच्या पाठीवर चेन बिघडलेली बॅग आहे.

आता ही टिकाऊपणाची चीज आहे तरी काय, ते यंत्रापाशी बसून पाहू. बॅगेचे कापड कितीही जाड घ्या, ती मरते शिवणीत. टाका फार लांब घेतला तर शिवण उसवते. जाड कापडाला फार जवळ जवळ टाके घेतले तर सुईच्या भोकांच्या ओळीवर कापडच फाटते. योग्य टाका मधला, आणि तो कारागिराच्या हाताला ठाऊक असतो. हँडल जेथे जोडतात तेथे चौकोन शिवून त्यात फुली मारावी लागते, म्हणजे ताण चारी बाजूंना वाटला जातो. आतल्या कडांना पट्टी लावून गोट घालावा लागतो, नाहीतर धागे सुटतात. यांतल्या प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, आणि कारखान्यात वेळेचा अर्थ पैसा.

मी ज्यांच्यात काम केले त्या एका बॅगांच्या कारखान्यात मजुरी नगावर होती. एका हंगामात नगाचा दर उतरवला आणि वर हुकूम आला की टाका मोठा करा, हँडलची चौकोन-फुली सोडा, दोन सरळ शिलाया पुरेत. एका वयस्क कारागिराने विचारले, "साहेब, हे हँडल किती दिवस राहील?" उत्तर मिळाले, "दुकानातून घरी जाईपर्यंत राहिले म्हणजे झाले." त्या बॅगेचे हँडल पुढे कुठल्यातरी फलाटावर, कुणा लेकुरवाळ्या बाईच्या हातात तुटले असेल आणि तिने शिवणाऱ्याला शिव्या दिल्या असतील. शिवणाऱ्याला चांगले शिवता येत होते. त्याला ते शिवण्याची मुभा नव्हती. नगाचा दर आणि टाक्याची लांबी ही एकाच दोरीची दोन टोके आहेत, हे मी तेथे शिकलो.

म्हणून जुन्या काळच्या अमेरिकन कामगारांची एक चाल मला शहाणपणाची वाटते. तेथे १८९१ साली शिवणकामगारांची 'युनायटेड गारमेंट वर्कर्स' ही संघटना स्थापन झाली. जेथे संघटनेशी करार असेल तेथल्या मालावर संघटनेची चिठ्ठी शिवली जाई, आणि रेल्वेतला संघटित कामगार ती चिठ्ठी पाहून कपडा घेई. घेणारा आणि शिवणारा एकमेकांना न पाहता हात देत होते. आज चिठ्ठीवर काय असते? कंपनीचे नाव आणि स्थापनेचे साल. लेव्ही स्ट्रॉसच्या कंपनीने २००४ सालापर्यंत अमेरिकेतले आपले स्वतःचे कारखाने बंद केले. साल जुनेच राहिले, नाव जुनेच राहिले. हात तेवढे बदलले.

गरिबाला टिकाऊ वस्तू महाग पडते म्हणतात. जरा हिशेब मांडू. समजा, सहाशे रुपयांची बॅग एक वर्ष चालते. वीस वर्षांत बारा हजार गेले. समजा, चार हजारांची कॅनव्हासची बॅग वीस वर्षे चालते आणि अधूनमधून पट्टा, चेन, अस्तर बदलायला दोन हजार लागतात. सहा हजारांत काम झाले. म्हणजे गरीब माणूस दुप्पट भरतो आणि वर फाटकी वस्तू वापरतो. त्याला हिशेब येत नाही असे नव्हे. त्याच्यापाशी एकरकमी चार हजार नसतात, एवढेच. बाजार आंधळा नाही. तो हे बरोबर ओळखून असतो.

एका गेटसभेत मला एका तरुणाने अडवले. म्हणाला, "दादा, बॅगा वीस वीस वर्षे टिकायला लागल्या तर आमच्या पोटावर पाय नाही का येणार?" प्रश्न खरा होता आणि तो टाळण्यासारखा नाही. पण अनुभव काय सांगतो? मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत गिरणगाव उठले. लोकांनी कपडे घालणे सोडले म्हणून काही ते उठले नाही. कपडा उलट वाढतच गेला. तो वाढला आणि स्वस्त झाला त्या काळात २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि ११००हून अधिक माणसे, बहुतेक शिवणकामगार, तिच्याखाली गेली. फाटका माल आपल्या पोटाचे रक्षण करतो, हा समज या दोन तारखांपुढे टिकत नाही. उलट वस्तू दुरुस्त होण्याजोगी असली की तिच्याबरोबर गावोगाव काम राहते. पूर्वी रेल्वेच्या प्रवासात प्रत्येक घराचा खाकी कॅनव्हासचा होल्डॉल असे. त्याचे पट्टे चांभार बदलून देई, कड शिंपी शिवून देई, आणि मुलीच्या लग्नात बापाचा होल्डॉल जावयाच्या गावी जाई. तो एकदाच विकत घेतला जाई. पण त्याने कितीतरी हातांना काम दिले.

वापरणाऱ्याचीही जबाबदारी आहे. मेणकापडाचा कोट यंत्रात, साबणाने, गरम पाण्यात धुतला की संपला. तो थंड पाण्याच्या बोळ्याने पुसायचा आणि वर्षा-दोन वर्षांनी मेण पातळ करून पुन्हा चोळायचे. कॅनव्हासची बॅग ओली मिटून ठेवली की बुरशी धरते. अमेरिकेतल्या एल. एल. बीन यांनी १९१२ साली विकलेल्या पहिल्या शंभर बुटांच्या जोडांपैकी नव्वद उसवून परत आले, असे सांगतात. त्यांनी पैसे परत केले आणि बूट सुधारला. पुढे कितीही जुना माल परत घेण्याची त्या दुकानाची ख्याती झाली. २०१८ साली ही सवलत बंद करावी लागली, कारण माणसे दुसऱ्यांचे जुने टाकलेले जिन्नस आणून बदलून मागू लागली. टिकाऊपणाला मालकाची दानत लागते तशी गिऱ्हाइकाचीही लागते.

आणि हे सारे परदेशातच शोधायला नको. दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीची घोंगडी आपल्याकडे आहे. धनगर लोकर कातरतो, सणगर मागावर विणतो, चिंचोक्याची खळ देतो. पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतात, रात्री तीच अंथरतात, तीच पांघरतात. ती कुणी 'हेरिटेज' म्हणून विणली नाही. मेंढरांमागे रानात राहायचे होते म्हणून विणली. शहरातल्या प्रदर्शनात उद्या तिची किंमत वाढली तर मला आनंदच आहे, पण वाढलेल्या किमतीतले किती रुपये विणणाऱ्याच्या हाती पडले, हे मी विचारणार.

आता शेवटचे दोन शब्द. येथे कामगारांच्या पतपेढ्यांचे पदाधिकारी बसले आहेत. लग्नासाठी, आजारपणासाठी आपण कर्ज देतो. पाच वर्षे टिकणारा रेनकोट, भक्कम बूट, चांगली बॅग यांसाठीही बिनव्याजी लहान रक्कम द्या आणि पगारातून महिन्याला थोडी थोडी कापून घ्या. एकरकमी पैशाची जी अडचण मी सांगितली ती यानेच सुटेल. आणि बाकी सर्वांना विनंती अशी की नाक्यावर बॅगा दुरुस्त करणारा माणूस बसतो, त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. आपण त्याला जी मजुरी देतो तिच्यावर आपली वस्तू उभी आहे. तो उठून गेला की कितीही भारी कोट घ्या, त्याचे आयुष्य पहिल्या उसवलेल्या शिवणीएवढेच राहील.