हेलिकॉप्टरचं पातं थिजवू नका!

आजचा विषय आहे उडत्या हेलिकॉप्टरचा फोटो, आणि तोही मोबाईलवर.

आपल्या महाड-पोलादपूरला हेलिकॉप्टरचा आवाज आला की आधी काळजात धस्स होतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला, त्यानंतर शोधासाठी हेलिकॉप्टरं फिरली. जुलै २०२१ मध्ये महापूर आला, तळियेत दरड कोसळली, तेव्हाही आली. असे फोटो पुढे गावाची नोंद म्हणून राहतात. म्हणून ते नीट यायला हवेत.

ऑटो मोडवर फोटो स्वच्छ येतो, पण पाती थिजलेली दिसतात. हेलिकॉप्टर जणू दोरीला टांगलेलं खेळणं! कारण काय, तर शटर फार वेगवान. मोठी पाती मिनिटाला साधारण २०० ते ४०० फेऱ्या घेतात. १/२००० सेकंदात पातं जेमतेम एक अंश सरकतं. १/१२५ मध्ये दहा ते वीस अंश, आणि मग ते फिरताना दिसतं. जेट विमानाला बाहेर पाती नसतात, तिथे १/१००० च्या पुढे बिनधास्त जा.

आता मोबाईल. प्रो मोड उघडा, आयएसओ सगळ्यात कमी, शटर १/१२५. भर उन्हात फोटो पांढराफटक होईल, कारण बहुतेक मोबाईलचं अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. त्यासाठी क्लिपवाला एनडी फिल्टर लावा. उन्हात एनडी ६४, पावसाळी अंधारलेल्या दिवशी एनडी ८ लावून बघा. फिल्टर नसेल तर फोटो पांढरा पडणार नाही इतपतच शटर मंद करा. आकाशापुढे हेलिकॉप्टर काळं पडलं तर आयएसओ एक पायरी वाढवा.

शटर मंद म्हणजे हात हलला की फोटो गेला. कोपरं अंगाशी धरा, कमरेतून वळा, बर्स्ट चालू ठेवा. सराव हवाच. चवदार तळ्याच्या काठावरून वर घिरट्या घालणारी घार टिपून बघा. फक्त एक लक्षात ठेवा, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब जिथलं पाणी प्यायले, तिथे लोक नतमस्तक व्हायला येतात. त्यांच्या वाटेत उभं राहू नका.

आणि बचावकार्य चालू असेल तर ड्रोन अजिबात नाही, उतरण्याच्या जागेकडे धावणं नाही. लांबूनच टिपा. फोटो हुकला तरी चालेल, माणूस वाचला पाहिजे.

भेटू पुढच्या भागात!