नोव्हेना कशी करावी?

(धर्मग्रामाच्या महोत्सवापूर्वीं आरंभलेल्या नोव्हेनेच्या पहिल्या दिवशीं ख्रिस्तमंदिरांत केलेलें भाषण)



आजपासून नऊ दिवस आपण सर्व मिळून प्रार्थना करणार आहों. महोत्सव जवळ आला म्हणजे मांडव, रोषणाई, पाहुण्यांचें जेवण यांची काळजी सर्वांस पडते. ती पडणें वावगेंही नाहीं. परंतु मांडव उभारण्यापूर्वीं मन तयार करावें, हा ख्रिस्तसभेचा जुना रिवाज आहे. तेव्हां नोव्हेना म्हणजे काय, ती कोठून आली आणि ती कशी करावी, याचा विचार आज करूं.

'नोव्हेना' हा शब्द लॅटिन भाषेंतील 'नोवेम', म्हणजे नऊ, यावरून आला आहे. तिचें मूळ 'प्रेषितांचीं कृत्यें' या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायांत सांपडतें. प्रभूचें स्वर्गारोहण झाल्यावर प्रेषित जैतुनाच्या डोंगरावरून यरुशलेमेस परतले, माडीवरच्या खोलींत गेले, आणि पवित्र मरिया, इतर स्त्रिया व प्रभूचे बांधव यांच्यासह एकचित्तानें प्रार्थना करीत राहिले. स्वर्गारोहण पुनरुत्थानापासून चाळिसाव्या दिवशीं, पेन्टेकॉस्ट पन्नासाव्या दिवशीं. मधले दिवस नऊ. हीच पहिली नोव्हेना. म्हणूनच पोप तेरावे लिओ यांनीं १८९७ सालच्या आपल्या परिपत्रकांत, पेन्टेकॉस्टपूर्वीं नऊ दिवस पवित्र आत्म्याची प्रार्थना सर्व धर्मग्रामांत व्हावी, अशी आज्ञा केली.

त्या माडीवरच्या मंडळीकडून तीन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, त्यांना नऊ ही संख्या कोणीं सांगितली नव्हती. वचन पूर्ण व्हावयास फार दिवस लागणार नाहींत, एवढेंच प्रभूनें कळविलें होतें. उद्यां कीं परवां, हें ठाऊक नसतांना ते थांबून राहिले. संख्या आपण मागाहून मोजली. त्यांची प्रार्थना म्हणजे वाट पाहणें होतें. दुसरा धडा असा कीं, त्यांनीं विचारलें एक आणि मिळालें दुसरें. इस्राएलाचें राज्य आतां परत मिळेल काय, असें त्यांनीं प्रभूस विचारलें होतें. राज्य मिळालें नाहीं. पवित्र आत्मा मिळाला. तिसरा धडा असा कीं, त्या दिवसांत ते हात बांधून बसले नाहींत. यहूदाची जागा रिकामी होती. तेथें मत्थियाची निवड त्यांनीं त्याच काळांत केली. ज्यानें त्यानें आपलें कर्तव्य सोडून जपमाळ घेऊन बसावें, असा नोव्हेनेचा अर्थ नाहीं. संत गोरोबाकाकांचें तेर ज्या जिल्ह्यांत आहे, तेथील माणसांस काम आणि भक्ति एकत्र कशीं नांदतात हें निराळें सांगावयास नको.

ही भक्ति आपल्या देशांतही खोल रुजली आहे. जुन्या गोव्यांत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या सणापूर्वीं नऊ दिवस यात्रेकरूंची रीघ लागते. वांद्र्याची मोतमाउली ८ सप्टेंबरचा मरियाजन्म नोव्हेनेनें साजरा करविते. माहीमच्या सेंट मायकल मंदिरांत १९४८ पासून दर बुधवारीं नित्य साहाय्य मातेची नोव्हेना चालते, आणि तेथें अन्यधर्मीय बांधवही मोठ्या संख्येनें येतात. पोप महाशय दिवंगत झाले म्हणजे त्यांच्यासाठीं नऊ दिवस मिस्साबलि अर्पण होतो; २०२५ सालीं पोप फ्रान्सिस यांच्यासाठीं जगानें तो पाहिला.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. पुष्कळांची समजूत अशी कीं नोव्हेना म्हणजे नवस. शब्द कानाला जवळचे वाटतात, पण अर्थ वेगळे. नवसांत अट असते: हें दे, मग मी तें देईन. नोव्हेनेंत अट नसते. लेकरूं बापाजवळ मागतें तें सौदा करून नव्हे. नऊ दिवस नेमानें प्रार्थना केली म्हणून देव आपला ऋणी होत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "फादर, नऊ दिवस प्रार्थना केली, तरी पाऊस आला नाहीं." दुसरा म्हणेल, "तरी आमचा माणूस वांचला नाहीं." हे प्रश्न या जिल्ह्यांत उगीच विचारले जात नाहींत. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांस आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर-किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, आणि हजारों माणसें झोपेंतच ढिगाऱ्याखालीं गेलीं. त्यांची श्रद्धा कमी पडली, असें म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं; कोणींही तसें म्हणूं नये. गेथशेमने बागेंत प्रत्यक्ष प्रभूनें तीन वेळां पित्याची विनवणी केली. प्याला टळला नाहीं. परंतु तो पिण्याचें बळ मिळालें, आणि त्या क्रुसांतून आपलें तारण झालें. जी प्रार्थना पुत्राचीही मागितल्याप्रमाणें पुरी झाली नाहीं, ती आपली झाली नाहीं म्हणून आपण टाकलेले ठरत नाहीं.

मग नोव्हेनेनें होतें काय? शेतकऱ्यास वाफसा ठाऊक आहे. पाऊस पडला म्हणून कोणी लगेच पाभर घालीत नाहीं; चिखल निवावा लागतो, आणि फार थांबलें तर ओल उडते. मनाचेंही तसेंच. दुःख ताजें असतां मनाचा चिखल असतो; कोरडें पडलें तर बीं उगवत नाहीं. रोज थोडी प्रार्थना केल्यानें मनास वाफसा येतो, आणि देव जें पेरील तें घेण्यास तें योग्य होतें.

आतां रीत सांगतों. एकच हेतु धरावा, आणि तो साध्या शब्दांत देवापुढें ठेवावा. रोजची वेळ ठरवावी. पाव तास पुरे. क्रुसाची खूण करून शुभवर्तमानाचा एक लहान उतारा वाचावा, थोडें स्तब्ध बसावें, मग आमच्या बापा, नमो मरिया आणि नोव्हेनेची प्रार्थना म्हणावी. वाचतां येत नसेल त्यानें जपमाळेचा एक दशक म्हणावा. एखादा दिवस चुकला तर घाबरूं नये. दुसऱ्या दिवशीं पुढें चालू करावें. नऊ दिवसांत एकदां तरी पापनिवेदन करावें आणि ख्रिस्तप्रसाद घ्यावा, कारण सर्व भक्ति मिस्साबलीकडे नेणारी असावी. आणि रोज एक कृत्य करावें: ज्याच्याशीं बोलणें तुटलें त्याच्याशीं बोलावें, आजाऱ्यास भेटावें, कोणाचें देणें राहिलें असेल तर तें द्यावें. दसऱ्यानंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनीं कोपींत दिवा लावून म्हटलेली नोव्हेना देवास येथल्याइतकीच प्रिय आहे.

एका गोष्टीपासून जपावें. 'ही प्रार्थना नऊ जणांस पाठवा, न पाठविल्यास अनिष्ट होईल,' असे कागद पूर्वीं मंदिरांत सांपडत. आतां तेच निरोप फोनवर येतात. ती भक्ति नव्हे, ती भीति आहे. असा निरोप निःशंकपणें पुसून टाकावा.

बंधुभगिनींनो, ज्यांनीं या धर्मग्रामाचा पाया घातला, त्यांतील पुष्कळजण आज आपल्यांत नाहींत. मागितलेलें सर्व त्यांच्या हयातींत त्यांना मिळालें नसेल. तरी ते प्रार्थनेंत राहिले, म्हणून आज आपण या छपराखालीं गुडघे टेकूं शकतों. या नऊ दिवसांत प्रथम त्यांच्यासाठीं प्रार्थना करूं, मग आपल्या मुलांसाठीं, आणि शेवटीं स्वतःसाठीं. माडीवरच्या त्या मंडळींत जी बसली होती, ती पवित्र माता आपल्याबरोबर बसो.

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नांवानें. आमेन.