जामखेडचा दवाखाना

१९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला एक दवाखाना सुरू झाला, तोही गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. तो थाटणारं डॉक्टर जोडपं म्हणजे रजनीकांत आणि मेबल आरोळे. दोघांचं शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालेलं. गोरगरिबांसाठी झिजायचं, हे लग्नाच्या वेळीच ठरलेलं.

आधी ते वडाळ्याच्या मिशन इस्पितळात होते. हगवणीनं सुकलेलं पोर तिथं बरं होऊन घरी जायचं आणि तेच गढूळ पाणी पिऊन पुन्हा खाटेवर यायचं. मग दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परतले ते थेट या दुष्काळी तालुक्यात.

इथं शस्त्रक्रिया होत, अडलेल्या बाळंतिणी सुटत, कुष्ठरोग्यांवरही इलाज होई. पण आरोळ्यांची ख्रिस्ती सेवा इस्पितळाच्या भिंतीआड मावणारी नव्हती. पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका घेताना त्यांनी दलित वस्तीतल्या जागा धरल्या. गावाला पाणी हवं, तर वस्तीत यावं लागे! प्रवचनानं जे साधलं नसतं, ते हापशानं साधलं.

गावोगाव प्रशिक्षित नर्स पाठवून पाहिल्या. जमलं नाही. परक्या, शिकलेल्या मुलीचं गावातल्या बायका कशाला ऐकतील? तेव्हा गावातलीच बाई निवडायचं ठरलं. बहुतेक जणी निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत. स्वयंपाक, जेवण, झोपणं, सारं जात न पाहता एकत्र. बाळंतपणात हात आणि पातं स्वच्छ ठेवायचं म्हणजे धनुर्वात टळतो, हगवण लागलेल्या लेकराचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं, बाळाला पहिला चीक द्यायचा: हे त्या शिकल्या आणि दारोदार सांगत फिरल्या. आपल्या आवाक्यातलं काय आणि जामखेडला कुणाला धाडायचं, हेही त्यांना नेमकं कळू लागलं. एरवी डॉक्टरमंडळी आपलं ज्ञान इतक्या सहज दुसऱ्याच्या हाती देत नाहीत.

१९७१च्या सुमारास या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत. १९९०च्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८८ साली मुक्ताबाई पोळ या आरोग्य कार्यकर्तीनं वॉशिंग्टनच्या एका परिषदेत भाषण केलं. सभागृहातल्या झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की डॉक्टर असे असतात, देखणे आणि महागडे. आपण मात्र साधी पणती, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. समोर जगभरचे तज्ज्ञ बसले होते.

मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. काम त्यांच्या मुलांनी पुढं चालवलं. देशोदेशींची माणसं जामखेडला शिकायला येतात. आपल्या सरकारनंही गावातल्या माणसावर आरोग्याचं काम सोपवलं; आधी १९७७च्या योजनेत, पुढं २००५पासून ‘आशा’ म्हणून. मात्र आशाताईंच्या वाट्याला टप्प्याटप्प्यानं मोजक्या दिवसांचं प्रशिक्षण आलं आणि कामागणिक मोबदला. जामखेडच्या बायका वर्षानुवर्षं दर आठवड्याला पुन्हा शिकायला बसत आल्या. गेल्या आठवड्यात कुणाच्या घरी काय अडलं, तिथूनच त्यांचा पाठ सुरू होई.