विजेवरील मोटारीची बॅटरी : चार्जिंगच्या चांगल्या सवयी
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



विजेवर चालणारी मोटार आता खेड्यापाड्यांतही दिसू लागली आहे. या मोटारीतील सर्वांत महाग भाग म्हणजे तिची बॅटरी. ती वेळेआधी थकली, तर इंधनात वाचवलेला पैसा एका फटक्यात जातो. म्हणून आज तिच्या चार्जिंगविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

ट्रॅक्टरची बॅटरी आपल्या ओळखीची आहे. ती शिसे व आम्लाची असते. उतरलेल्या स्थितीत पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि ती कामातून जाते. म्हणून ती नेहमी भरलेली ठेवावी, हा आपला अनुभव बरोबरच आहे. परंतु मोटार ओढणारी बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. तिला हाच नियम लावला तर नुकसान होते. तिला गळ्यापर्यंत भरून ठेवलेलेही सोसत नाही आणि उपाशी ठेवलेलेही सोसत नाही.

असे का होते? पूर्ण भरलेल्या बॅटरीत विद्युतदाब सर्वांत जास्त असतो. त्या दाबामुळे आतील द्रावणाची हळूहळू झीज होते, थर साचतो आणि काही लिथियम त्यात कायमचे अडकते. उष्णता असली की ही क्रिया आणखी जोरात चालते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. अशा वेळी १०० टक्के भरलेली मोटार दिवसभर उन्हात उभी करणे, हे बॅटरीला सर्वांत घातक.

यावर उपाय सोपा आहे. रोजच्या वापरात बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. ती पूर्ण उतरेपर्यंत थांबण्याची गरज नाही. थोडे वापरून थोडे भरलेले तिला अधिक मानवते. लांबच्या गावाला जायचे असेल तर जरूर १०० टक्के भरावी, पण भरणे निघण्याच्या सुमारास संपेल असे पाहावे.

येथे एक अपवाद लक्षात ठेवावा. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत विद्युतदाब बराच काळ जवळजवळ सारखा राहतो. त्यामुळे किती चार्ज शिल्लक आहे याचा मोटारीचा अंदाज चुकू लागतो. तो जुळवण्यासाठी अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण भरावी लागते. आपल्या मोटारीत कोणता प्रकार आहे आणि किती दिवसांनी पूर्ण भरावी, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहून तसे वागावे.

आता चार्जिंगच्या वेगाविषयी. घरी संथ चार्जिंग करणे उत्तम. उदाहरणार्थ, ३० युनिट क्षमतेची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर नेण्यास १८ युनिट लागतात. ३.३ किलोवॉटच्या चार्जरने हे काम साधारण सहा तासांत, म्हणजे रात्रीत होते. महामार्गावरील जलद चार्जिंगमुळे बॅटरी तापते. ते प्रवासापुरतेच वापरावे आणि ८० टक्क्यांवर थांबावे. त्यापुढे वेगही मंदावतो, म्हणजे वेळही वाया जातो.

उन्हातून मोटार आणल्यावर लगेच चार्जिंगला लावू नये. सावलीत थोडी निवू द्यावी. पत्र्याच्या बंद शेडपेक्षा वारा खेळणारे छप्पर चांगले. परगावी जाऊन मोटार महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी. रिकामी सोडल्यास ती हळूहळू आणखी उतरते आणि कायमची निकामी होऊ शकते.

शेवटी वायरिंगविषयी. चार्जरसाठी जाणकार वायरमनकडून स्वतंत्र वायर, एमसीबी व पक्के अर्थिंग करून घ्यावे. घरातील जुन्या प्लगला लांब वायर जोडू नये. ती तापून आग लागू शकते. शेतीपंपाच्या जोडणीवरून मोटार चार्ज करू नये. ती सवलतीची वीज फक्त शेतीसाठी असते.

बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. परंतु हमी संपल्यावरही बॅटरी आपल्यालाच वापरायची आहे. बैलाला आपण वेळेवर वैरण देतो, पण पोट फुगेल इतकी घालत नाही आणि भर उन्हात बांधतही नाही. तेवढीच काळजी या बॅटरीची घ्या, म्हणजे ती आपल्याला दीर्घकाळ साथ देईल.