ताणलेले कापड आणि आपला मंडप



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'टेन्साइल मेम्ब्रेन' असा भारदस्त छापला आहे. सोप्या मराठीत, ताणून उभे केलेले कापडाचे छत. दिल्लीकरांना ते अनोळखी नाही. 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर असेच छत चढले. सायकलच्या आऱ्यांसारखे पोलादी दोर आणि त्यांवर टेफ्लॉनचा लेप दिलेले काचतंतूंचे कापड. पुढच्याच वर्षी विश्वचषकासाठी आपल्या वानखेडेवरही कापडाचे छत आले.

आम्हा रेल्वेवाल्यांना ताणाचे महत्त्व नवे नाही. गाडीच्या वरची विजेची तार पाहा. ठरावीक अंतराने एखाद्या खांबाला वजनांची चळत टांगलेली दिसते. उन्हाने तार लांबली तरी तिच्यातला सुमारे 1000 किलोचा ताण या वजनांमुळे कायम राहतो. कापडाचेही तसेच. त्याला फक्त ओढ सोसते. सपाट बांधले की ते झोळ खाते. म्हणून त्याला घोड्याच्या खोगिरासारखा आकार देतात, एका दिशेने खोलगट आणि दुसऱ्या दिशेने उंचावलेला. एका बाजूचे धागे पावसाचा भार पेलतात, दुसऱ्या बाजूचे वाऱ्याला उचलू देत नाहीत.

आणि वारा हाच खरा शत्रू! पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर भरतो, हे कापड जेमतेम किलो-दीड किलो. त्यामुळे इथे पायाचे मुख्य काम छत उडू न देण्याचे.

आता आपल्या मंडपाकडे येतो. भाद्रपदात दिल्लीचा पाऊस पुरता गेलेला नसतो. तंबूवाल्याला सपाट छत आवडते, कारण झालर छान बसते. पण दहा चौरस मीटरवर सरासरी दहा सेंटिमीटर पाणी साचले तर तो एक टन भार झाला, तोही प्रेक्षकांच्या डोक्यावर. झोळ वाढतो तसे पाणी आणखी जमते. तेव्हा समोरासमोरचे दोन कोपरे उंच, दोन खाली, एवढे तरी करून घ्यावे. पाणी विजेच्या बोर्डापासून दूर उतरावे. दोर जमिनीतल्या पक्क्या खुंट्यांना बांधावेत, जिन्याच्या कठड्याला किंवा दिव्याच्या खांबाला नव्हे. रोज ताण तपासावा. बांबूने ढोसून पाणी उडवण्याआधी खालची माणसे हलवावीत. मुलांना ती गंमत वाटते, म्हणून मुद्दाम सांगतो.

सोसायटीच्या अंगणात कायमचे छत घालावे का, असे काहींनी विचारले आहे. जरूर घालावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे गरम हवा कोंडत नाही. काचतंतूंचे कापड जास्त टिकते, पण महाग असते आणि घड्या घातल्या की तुटते. दरवर्षी उतरवून गुंडाळायचे असेल तर पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिएस्टरच घ्यावे. चांगले कापड पंधरा-वीस वर्षे जाते. मात्र आगाऊ रक्कम देण्यापूर्वी वाऱ्याच्या उचलीचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीनिशी मागून घ्यावा.