देव आहे काय, आणि श्रद्धा कोठून येते?

(ज्युबिली महोत्सवाच्या सायंसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या मंदिराच्या ज्युबिलीनिमित्त आज आपण येथे जमलो आहो. अशा प्रसंगी पूर्वजांनी उभारलेल्या भिंती, वेदी आणि घंटा ह्यांचे स्मरण करावे असा रिवाज आहे, व तो योग्यही आहे. परंतु ज्याच्यासाठी ह्या भिंती उभारल्या तोच नसेल, तर ह्या सर्व खटाटोपाला अर्थ काय उरला? म्हणून देव आहे काय, आणि मनुष्याच्या अंतःकरणात त्याच्याविषयी श्रद्धा कशी उपजते, हा विचार आम्ही आज तुम्हांपुढे मांडणार आहो. हा प्रश्न मंदिराबाहेरच्या लोकांचा आहे अशी समजूत करून घेऊ नका. तो आपल्याच घरांत, आपल्याच मुलांच्या मनांत उभा आहे. मात्र तो उघडपणे विचारण्याचे धैर्य थोड्यांनाच होते.

काही वर्षांपूर्वी असे धैर्य झालेला एक तरुण आम्हांस भेटावयास आला. लहानपणी तो वेदीसेवक होता. पुढे चांगला शिकला. नुकतीच त्याची आई दीर्घ दुखण्याने वारली होती. तो म्हणाला, "फादर, रागावू नका, पण देव आहे असे मला आता वाटत नाही." आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेले. त्यास समोर बसवून आम्ही संत थॉमस अक्विनास ह्यांची पाच प्रमाणे एकामागून एक विशद केली. त्याने सर्व शांतपणे ऐकले, आणि उठताना एवढेच म्हटले, "तुमचे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणत नाही, फादर. पण आई गेली त्या रात्री ह्यांतले एकही वाक्य माझ्याजवळ येऊन बसले नाही." तो फाटकाबाहेर गेल्यावर आमच्या ध्यानात आले की, त्याच्या आईविषयी आम्ही एक शब्दही विचारला नव्हता.

मग ती प्रमाणे व्यर्थ होती काय? मुळीच नव्हे. त्यांतील पहिले प्रमाण आपल्या वाडीतील दृष्टांताने सांगतो. वडीलधाऱ्यांनी विहिरीवरचा रहाट पाहिलेला आहे. रहाटाच्या माळेतले एक गाडगे वर येते, कारण पुढचे गाडगे त्यास ओढते. पुढच्यास त्याच्याही पुढचे ओढते. आता कोणी म्हणेल की, माळ पुरेशी लांब केली म्हणजे बैलाची गरज नाही, तर आपण त्यास हसू. शंभर गाडगी असोत वा लाख असोत, ज्यास स्वतःची गती नाही अशा वस्तू कितीही जोडल्या तरी त्यांतून गती निपजत नाही. बैलही स्वयंभू नव्हे. त्यास चारा लागतो, चाऱ्यास पाऊस लागतो, पावसास सूर्याचा ताप लागतो. जगातील प्रत्येक वस्तू अशी दुसऱ्याकडून उसने घेऊन चालते. तेव्हा ज्यास कोणाकडूनही उसने घ्यावे लागत नाही असा कोणी असलाच पाहिजे. त्यासच आपण देव म्हणतो. देवाने फार पूर्वी एकदा जगास धक्का दिला आणि तो निघून गेला, असा ह्या प्रमाणाचा अर्थ नव्हे. रहाट ह्या क्षणी फिरत आहे, म्हणून फिरविणाराही ह्या क्षणी आहे, असा त्याचा अर्थ आहे.

१८७० साली व्हॅटिकन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हेच शिकविले की, सृष्ट वस्तूंवरून मानवी बुद्धी आपल्या स्वाभाविक प्रकाशाने देवास निश्चितपणे ओळखू शकते. म्हणून विचार करणाऱ्या मुलाला "गप्प बैस, असे विचारू नये" म्हणून दटावणे हे कॅथॉलिक मताला धरून नाही. परंतु त्याच परिषदेने हेही शिकविले की, श्रद्धा हे देवाचे दान आहे. ती त्याच्या कृपेवाचून कोणास मिळत नाही. बुद्धी दारापर्यंत नेते. आतून दार उघडणारा निराळा आहे.

त्याच १८७० साली इंग्लंडात जॉन हेन्री न्यूमन ह्यांनी ह्याच विषयावर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यूमन हे प्रथम अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक. १८४५ साली ते कॅथॉलिक झाले, आणि २०१९ साली धर्मसभेने त्यांना संतपद दिले. त्यांनी दोन प्रकारच्या संमतींतला भेद दाखविला. एक संमती कल्पनेला दिलेली. दुसरी प्रत्यक्ष वस्तूला किंवा व्यक्तीला दिलेली. "सर्व माणसे मर्त्य आहेत" ह्या वाक्याला आपण सर्वजण मान डोलावतो. परंतु आपल्या मातेच्या उशाशी बसून तिचा थंड पडत चाललेला हात ज्याने धरला, त्यास त्या वाक्याचा अर्थ कळला. देवाविषयीही तसेच आहे. आम्ही त्या तरुणाची बुद्धी जिंकू पाहत होतो, आणि त्याचे दुःख तर दुसऱ्या ठिकाणी होते.

मग ही दुसरी, सजीव संमती मनुष्यास मिळते कशी? ह्याचे उत्तर आम्हांस एका इतिहासात सापडले, आणि त्या इतिहासाचा धागा आपल्या वसईशी जोडलेला आहे.

संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे नाव तुम्हांस ठाऊक आहे. वसईत जन्मलेला हा फ्रान्सिस्कन बंधू जपानात दुभाष्या म्हणून सेवा करीत होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर चढवून ठार करण्यात आले, त्यांत तो होता. पुढे १६१४ साली साऱ्या जपानात ख्रिस्ती धर्माला बंदी झाली. सतराव्या शतकाच्या मध्यास त्या देशात मोकळेपणी फिरणारा एकही धर्मगुरू उरला नाही. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मंदिर नाही. गावोगाव लोकांना बोलावून ख्रिस्ताच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. जो न ठेवील तो पकडला जाई.

अशा स्थितीत त्या गरीब शेतकऱ्यांनी व कोळ्यांनी काय केले? त्यांनी आपसांत कामे वाटून घेतली. एकजण बाप्तिस्मा देई, एकजण सणांची व उपवासांची गणना ठेवी, एकजण घरोघर निरोप पोहोचवी. प्रार्थना तोंडपाठ करून मुलांना शिकविल्या. कित्येकांनी भयाने प्रतिमेवर पाय ठेवला, आणि घरी येऊन रात्री पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. त्यांची श्रद्धा निष्कलंक होती असे आम्ही म्हणत नाही. ती पडत होती, रडत होती, आणि पुन्हा उठत होती.

१८६२ साली पोप नववे पायस ह्यांनी त्या २६ हुतात्म्यांना संतपद दिले. परदेशीयांसाठी नागासाकीत ओउरा येथे एक मंदिर बांधले गेले आणि १८६५ साली ते त्याच हुतात्म्यांच्या नावे अर्पण करण्यात आले. त्याच वर्षी १७ मार्चला उराकामी गावची काही माणसे फादर पेतिजाँ ह्यांच्याजवळ आली. एका स्त्रीने हळूच सांगितले की, आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. आपण सध्या दुःखकाळाचा सतरावा दिवस पाळीत आहो, असेही त्या लोकांनी सांगितले. बंधुभगिनीहो, त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. तुम्हीच मोजून पाहा. दोनशे वर्षांहून अधिक काळ धर्मगुरूवाचून राहिलेल्या त्या माणसांची गणना एका दिवसानेही चुकली नव्हती! पुढेही छळ संपला नाही. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना घरेदारे सोडून हद्दपार व्हावे लागले, आणि १८७३ साली बंदीचे फलक उतरले तेव्हा त्यांतील शेकडो परदेशात नव्हे, तर आपल्याच देशाच्या परक्या प्रांतांत मरण पावले होते.

ह्या लोकांना पाच प्रमाणे कोणी शिकविली होती? बहुतेकांना लिहितावाचताही येत नसावे. त्यांच्याजवळ आई होती, जी अंधारात मुलाच्या कानात प्रार्थना सांगे. त्या तरुणाचे बोलणे आम्हांस येथे आठवते. वाक्य जवळ येऊन बसत नाही. माणूस येऊन बसतो. म्हणूनच देवानेही आपल्या दुःखाचे स्पष्टीकरण लिहून पाठविले नाही. तो स्वतः मनुष्य झाला, लाझरसच्या कबरीपाशी रडला, आणि क्रूसावर मेला. त्याने आपणांस त्याच्या प्रेषितांच्या हाती सोपविले, प्रेषितांनी इतरांच्या हाती, आणि असे होत होत ती ज्योत तुमच्या आजीच्या ओट्यापर्यंत आली. श्रद्धा देवाकडून येते, हे खरे. परंतु देव ती बहुधा माणसांच्या हातून पाठवितो.

तेव्हा मातापित्यांना आमची विनंती आहे की, धर्मशिक्षणाच्या वर्गावर सर्व भार टाकून मोकळे होऊ नका. तुम्ही गुडघे टेकलेले तुमच्या मुलाने कधी पाहिले आहे काय, हे स्वतःला विचारा. आणि मुलाने शंका काढली तर त्यास घरातून वा मनातून बाहेर काढू नका. संत थॉमस शंका घेऊन बसला होता, तरी इतर प्रेषितांनी त्यास खोलीबाहेर घातले नाही. आठ दिवसांनी प्रभू आला तेव्हा तो तेथेच होता, म्हणून त्यास दर्शन घडले. तरुणांनो, तुम्हांसही एक सांगणे आहे. प्रश्न अवश्य विचारा. परंतु उत्तर मिळेपर्यंत खोली सोडू नका. आजारी मुलाच्या बापाने प्रभूपुढे आपली श्रद्धा आणि आपली अश्रद्धा दोन्ही एकाच दमात ठेवली. प्रभूने ती अर्धवट प्रार्थनाही ऐकली.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. काही महिन्यांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. ह्या वेळी आम्ही प्रमाणे नेली नाहीत; त्याच्या आईविषयी विचारले, आणि तो बराच वेळ बोलत राहिला. दिवेलागण झाली. त्याच्या वृद्ध आजीने जपमाळ सुरू केली. तिला दिसत नाही. पूर्वी सून तिच्या प्रार्थनेचा उत्तरार्ध म्हणत असे. आता तो म्हणतो. आम्हांस आश्चर्य वाटलेले पाहून तो खाली मान घालून म्हणाला, "माझा विश्वास आहे असे समजू नका, फादर. आजीला उत्तर देणारे दुसरे कोणी नाही, म्हणून म्हणतो."

त्यास श्रद्धा पुन्हा लाभली असे आम्ही सांगणार नाही; ते देव जाणे. मात्र त्या सायंकाळी आम्हीही त्या दोघांजवळ चटईवर बसलो आणि त्याच्या बरोबरीने उत्तर दिले. देव आहे हे सेमिनरीत आम्ही सिद्ध करावयास शिकलो होतो. त्या ओसरीवर तो जवळ होता.

आपल्या ज्युबिलीचा खरा हिशेब तेथे आहे. हे मंदिर आणखी किती वर्षे उभे राहील, हे दगडांवर अवलंबून नाही. तुमच्या घरी आज सायंकाळी कोणी प्रार्थना सुरू करील काय, आणि तिला कोणी उत्तर देईल काय, ह्यावर ते अवलंबून आहे. संत गोन्सालो गार्सिया आपणांसाठी विनंती करोत, आणि परमेश्वर श्रद्धावंतांस नम्रता, शंकितांस धीर, व दुःखितांस आपला सहवास देवो.

आमेन.